रोजच्या दारूचा हिशेब उशिरा मांडला जातो

सिल्वासातील टोकरखाड्याहून वापीच्या दिशेने निघाल्यास वीसेक किलोमीटरच्या आत दारूबंदीचे राज्य सुरू होते. गुजरातमध्ये 1960 पासून, म्हणजे राज्याच्या स्थापनेपासून दारूबंदी आहे. दादरा आणि नगर हवेलीत परवानाधारक विक्री कायदेशीर आहे. त्यामुळे सिल्वासातील दारूची चर्चा प्रामुख्याने दोन अंगांनी होते. एक, हद्दीपलीकडे होणारी चोरटी वाहतूक आणि दुसरे, अबकारी महसूल. रोज पिणाऱ्या माणसाच्या यकृताचे, हृदयाचे आणि मेंदूचे पंधरा वर्षांनी काय होते, हा प्रश्न या दोन्ही रकान्यांत बसत नाही.

गोव्याच्या वाचकांना हे चित्र परके वाटू नये. जुलै-ऑगस्ट 1954 मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली, तेव्हा त्या लढ्यात गोमंतकीय स्वयंसेवक आघाडीवर होते. त्या इतिहासाबरोबर शेजारी राज्यांपेक्षा सहज मिळणारी दारू हाही दोन्ही प्रदेशांतील समान दुवा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात 15 वर्षांवरील सुमारे 19 टक्के पुरुष मद्यपान करतात. गोव्यात हे प्रमाण सुमारे 37 टक्के आहे.

दारूने माणसे दगावल्याची मोठी बातमी होते ती विषारी दारूची. जुलै 2022 मध्ये गुजरातमधील बोटाद परिसरात मिथाइल अल्कोहोल प्यायल्याने चाळीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला, तेव्हा देशभर खळबळ उडाली. अशा घटनांमुळे एक गैरसमज मात्र पक्का होतो : भेसळीची दारू मारते, दुकानातली सीलबंद दारू मारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 मधील अहवालानुसार 2019 या एका वर्षात जगात सुमारे 26 लाख मृत्यू मद्यपानामुळे झाले. त्यांतील बहुसंख्य मृत्यूंची नोंद दारूच्या नावावर होत नाही. ती यकृताचा विकार, कर्करोग, पक्षाघात, क्षयरोग किंवा अपघात या नावांनी होते.

अतिरेक म्हणजे नेमका किती, हे साध्या गणिताने कळते. व्हिस्की किंवा रमच्या 180 मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा त्याहून अधिक घेणे, ही जागतिक आरोग्य संघटनेची अतिमद्यपानाची व्याख्या आहे. म्हणजे पाळी संपल्यावर ‘फक्त एक क्वार्टर’ घेणारा कामगार ही रेषा रोज गाठतो. ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ हेही खरे नाही. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे 40 ग्रॅम अल्कोहोल असते.

शरीरातील बिघाड शांतपणे सुरू होतो. सतत जास्त पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात आधी चरबी साठते. या टप्प्यावर काहीही दुखत नाही आणि दारू थांबवली तर यकृत बरेचसे पूर्ववत होऊ शकते. पुढे काहींना यकृताचा दाह होतो आणि काहींच्या यकृतात कायमचे व्रण पडून सिऱ्हॉसिस होतो. कावीळ, पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी ही लक्षणे दिसतात तेव्हा परतीची वाट बरीचशी बंद झालेली असते. याच काळात रक्तदाब वाढतो, हृदयाचे स्नायू दुबळे होतात, स्वादुपिंडाला सूज येते. जेवणाऐवजी दारू घेणाऱ्याच्या शरीरातील थायमिन घटते आणि स्मृती व चालण्याचा तोल यांवर आघात होतो. मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात 1988 मध्येच स्थान मिळाले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. दारूच्या जोडीला तंबाखू असेल, तर तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

दादरा आणि नगर हवेलीत या यादीला आणखी दोन पदर आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार या प्रदेशातील निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. वारली, कोकणा, धोडिया समाजांत ताडी आणि मोहाची दारू पूर्वापार आहे. पण ताडीला आणि मोहाला ऋतू असतो, बाटलीला नसतो. कारखान्यांबरोबर नियमित मजुरी आली आणि वर्षाचे बाराही महिने विकत घेता येणारी दारूही आली. या पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात शरीरातील पाणी कमी झाल्यास तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो आणि दारू नेमके तेच करते. दुसरा पदर क्षयरोगाचा. दाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या स्थलांतरित कामगाराला त्याचा धोका मुळातच असतो. अतिमद्यपानाने प्रतिकारशक्ती घटते आणि औषधांचे वेळापत्रकही मोडते.

सिल्वासात श्री विनोबा भावे रुग्णालय आहे आणि एप्रिल 2023 मध्ये ‘नमो’ वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटनही झाले. तथापि, मोठ्या रुग्णालयात मद्यपी पोहोचतो तो शेवटच्या टप्प्यावर. त्याला दहा वर्षे आधी गाठायचे, तर प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रातच विचारला गेला पाहिजे. याचा पडताळा गोव्यात झालेला आहे. ‘संगाथ’ संस्थेने राज्यातील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांवर केलेला अभ्यास 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार भेटी घेतल्या. तीन महिन्यांनी त्या गटातील 36 टक्के पुरुष घातक मद्यपानातून बाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होते. जे पीत राहिले, त्यांच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही, हेही याच अभ्यासाने नोंदवले. हा जादूचा उपाय नव्हे. पण स्वस्त, शक्य आणि आपल्याच मातीत तपासलेला आहे.

पूर्ण व्यसनाधीन झालेल्यांची वाट वेगळी आहे. अशा व्यक्तीने दारू एकाएकी बंद केल्यास झटके, भ्रम, क्वचित मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून घरच्यांनी शपथा घालून बाटली हिसकावण्याऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती सोडवणे आवश्यक असते. 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी त्यासाठी निःशुल्क उपलब्ध आहे.

बंदीचा अनुभव हद्दीपलीकडे आहे आणि मोकळिकीचा हद्दीच्या आत. बंदीच्या राज्यात बोटाद घडते आणि मोकळिकीच्या प्रदेशात यकृते निकामी होतात. रक्तदाब मोजताना ‘दारू किती घेता?’ हा प्रश्न न लाजवता विचारण्याची आणि उत्तर नोंदवून घेण्याची सवय आरोग्य यंत्रणेला लागेल, तेव्हाच महसुलाच्या आकड्याशेजारी त्याची खरी किंमत लिहिली जाईल. टोकरखाड्यातील कामगाराला हे उत्तर चाळिशीत रुग्णालयाच्या खाटेवर नव्हे, तिशीत आरोग्य केंद्राच्या बाकावर देता आले पाहिजे.