चाकणला फोन लावून मग सही करा

रात्री साडेआठच्या सुमारास जिंतूर तालुक्यातल्या आमच्या बोरीच्या स्टँडवर पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट बघणारी पोरं उभी असतात. पाठीवर सॅक, हातात घरून बांधून दिलेल्या भाकरी-ठेच्याची पिशवी, आणि शेजारी सोडायला आलेला बाप. बाप सहसा काही बोलत नाही. परवा असाच एक ओळखीचा पोरगा भेटला. चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामाला आहे. बोलता बोलता म्हणाला, "काका, मराठवाड्याचं राज्य वेगळंच व्हायला पाहिजे. आपल्या नोकऱ्या आपल्याला, आपला पैसा आपल्याला. या पुण्या-मुंबईवाल्यांची कटकटच नको."

मी म्हणालो, "मग आता कुठं चाललास?"

तो हसला. तेवढ्यात गाडी आली आणि तो गेला. गाडीच्या दारात उभं राहून त्याला जे सांगता आलं नाही, ते इथं लिहितो. त्याच्यासाठी, आणि तितकंच त्याच्या बापासाठी.

वेगळ्या राज्याची भाषा काही नवी नाही. २०१६ च्या मार्चमध्ये राज्याचे तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे जालन्यात बोलले, की विदर्भाबरोबर मराठवाडाही वेगळा व्हायला हवा. विधिमंडळात गदारोळ झाला आणि दोन दिवसांत त्यांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी २३ जूनला ब्रिटनच्या लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. बाजूने जवळपास ५२ टक्के, विरोधात ४८. दोन्हीकडे सांगणं एकच होतं, आपला पैसा बाहेर जातोय आणि आपली कामं बाहेरचे घेतायत. ब्रिटनमध्ये एक लाल बस गावोगाव फिरली. दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आपल्या दवाखान्यांना देऊ, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. त्यातला बराच पैसा परतही येत होता, हे बसवर लिहायला जागा नव्हती.

आता कुणी म्हणेल, इंग्रजांचं आपल्याला काय? थोडं थांबा, तिकडे परत यायचंय.

आधी एक गोष्ट कबूल करू. आपलं गाऱ्हाणं खरं आहे. १९५३ च्या नागपूर करारात लिहून दिलं होतं की निधी, नोकऱ्या आणि शिक्षणाच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतील, मराठवाड्याकडे विशेष लक्ष दिलं जाईल. १९५६ मध्ये आपण हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. आपल्याकडचे लोक विनाअट आले, हे वाक्य प्रत्येक १७ सप्टेंबरला भाषणात ऐकू येतं. १९७४ मध्ये विकासासाठी पोरं रस्त्यावर आली, वसमतला गोळीबार झाला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. २०१३ मध्ये केळकर समितीचा जाडजूड अहवाल आला आणि कपाटात गेला. म्हणून राग येणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. मलाही येतो.

पण अनुशेषाचा आकडा काढणारी पहिली मोठी समिती दांडेकरांची. तिचा अहवाल १९८४ चा, आणि तो नीट वाचावा लागतो. एकूण अनुशेष ३१८६ कोटींचा. त्यात विदर्भाचा १२४६ कोटी, मराठवाड्याचा ७५० कोटी, आणि उरलेल्या महाराष्ट्राचा ११८९ कोटी. म्हणजे ज्याला आपण सरसकट 'तिकडचे' म्हणतो, त्यातही कोरडे तालुके आहेत, कोकण आहे. विकास काही अख्ख्या पश्चिमेला गेला नाही, तो ठरावीक तालुक्यांत गेला. उद्या मराठवाड्याचं राज्य झालं तर संभाजीनगर म्हणजे नवं पुणं होईल, आणि जिंतूर तालुका तिथून बघितलं तरी लांबच दिसेल.

आता पाणी. इथं जरा सावकाश वाचा, कारण वेगळ्या राज्याचं सगळं बोलणं 'आपलं पाणी' इथून सुरू होतं.

नांदेड जिल्ह्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. बांधला महाराष्ट्राने, महाराष्ट्राच्या जमिनीवर. खाली पोचमपाडचं धरण, म्हणजे दुसरं राज्य. भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१३ च्या फेब्रुवारीत निकाल लागला. बंधाऱ्यात २.७४ टीएमसी पाणी अडवता येईल, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची. म्हणजे नेमका पावसाळाभर. बंधाऱ्याकाठचे शेतकरी भर पुरात वाहून जाणारं पाणी बघत उभे राहतात. दोन राज्यांमधली नदी ही अशी असते.

जायकवाडीचं उलटं आहे. तिथं वर नाशिक-नगरची धरणं आणि खाली आपण. पण राज्य एक आहे म्हणून राज्याचा २००५ चा पाण्याचा कायदा आपल्या कामी आला. समन्यायी पाणीवाटपाचा आदेश २०१४ मध्ये निघाला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं. २०१६ मध्ये हायकोर्टानेही तो उचलून धरला. २०२३ ला पाऊस कमी झाला, ८.६ टीएमसी सोडायचा हुकूम निघाला, वरचे कोर्टात गेले, मोर्चे निघाले, आणि उशिरा का होईना पाणी सुटलं. मिळालं ते पुरेसं होतं असं मी म्हणत नाही. पण उद्या नाशिक-नगर हे दुसरं राज्य झालं तर हा कायदा त्यांना लागू राहणार नाही. मग लवाद. कृष्णेच्या पाण्यावरचा दुसरा लवाद २००४ मध्ये नेमला. तेव्हा पहिलीत असलेलं पोरगं आज लग्नाला आलंय, आणि वाद चालूच आहे.

आणि लांब कशाला, आपलं पूर्णेवरचं येलदरीचं धरण घ्या. परभणी शहराच्या नळाला येणारं पाणी तिथलं. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरातून निघते आणि बुलढाणा जिल्ह्यातून आपल्याकडे येते. तिच्यावर देऊळगाव राजाजवळ खडकपूर्णा धरण आहे. ते विदर्भात. विदर्भ वेगळा, मराठवाडा वेगळा, उरलेला महाराष्ट्र वेगळा झाला, तर आपल्या दोन्ही मोठ्या धरणांच्या डोक्यावर दोन वेगळी राज्यं बसतील. आपण सगळ्यांच्या खाली. नकाशा घेऊन बसा आणि पेन्सिलने रेघ ओढा, मी सांगायची गरज नाही.

पैशाचं थोडक्यात. राज्याच्या तिजोरीत मोठा वाटा मुंबई, ठाणे, पुण्याचा. वेगळं झालो तर तो जातो. समोरच्याची बाजूही ऐकू. गरीब राज्याला केंद्राच्या करातून माणशी जास्त वाटा मिळतो, हे खरं आहे. राजधानी जवळ आली तर मंत्रालयाच्या खेपा वाचतील, हेही खरं. तेलंगणाचं उदाहरण देतात, २ जून २०१४ ला राज्य झालं आणि भरभराट झाली. झाली. पण ते वेगळे होताना हैदराबाद बरोबर घेऊन गेले. आपल्याला मुंबई बरोबर नेता येणार आहे का?

आता माणसांचं. मला खरं बोलायचंय ते हेच.

आमच्या वडिलांच्या ट्रंकेत एक पिवळा पडलेला कागद होता, मुलकी असल्याचा दाखला. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी हवी तर तुम्ही मुलकी पाहिजे, आणि मुलकी व्हायला १५ वर्षांचा रहिवास पाहिजे. बाहेरच्यांनी नोकऱ्या घेऊ नयेत म्हणून हा नियम होता, आणि तो काढणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण १९५२ मध्ये हैदराबादेत 'गैरमुलकी परत जा' म्हणत मोर्चे निघाले आणि गोळीबारात माणसं मेली. कागद कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, यावर एकदा माणसं मोजायला लागलं की असं होतं.

आता हाच १५ वर्षांचा आकडा महाराष्ट्राच्या २००८ च्या शासन निर्णयात बघा. उद्योगांनी स्थानिकांना प्राधान्य द्यावं, कामगारांत ८० टक्के स्थानिक असावेत. स्थानिक म्हणजे कोण? राज्यात १५ वर्षं राहिलेला. बोरीचा पोरगा आज चाकणला या व्याख्येत बसतो. कंपनी हा नियम किती पाळते तो भाग वेगळा, पण कागदावर तो भूमिपुत्र आहे. ज्या दिवशी मराठवाड्याचं राज्य होईल, त्या दिवशी तो त्याच मशीनवर उभा असताना परप्रांतीय होईल. त्याची बस कुणी अडवणार नाही, देश एकच आहे, कुठंही जाऊन राहायचा हक्क घटनेने दिलाय. अडवेल तो कागद.

मुलांच्या प्रवेशाचंही तेच. मेडिकलला ७०-३० चा नियम होता, ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना. आपल्याकडे कॉलेजं कमी, म्हणून आपलीच मुलं मार्क असून मागे राहायची. हे कुंपण काढा म्हणून ओरडलं कोण? मराठवाडा. सप्टेंबर २०२० मध्ये ते काढलं, आणि काढणारे मंत्री लातूरचे अमित देशमुख. आता तेच कुंपण आपण सिमेंटचं करून मागायचं का?

आणि ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या आपल्या तालुक्यातून निघतात. ट्रकमध्ये पाण्याची टाकी, चूल, शेळी, पोरं, त्यावर कोयते. पट्टा पडला की उन्हाळ्यात परत. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. कर्नाटकात गेलेल्यांना विचारा, फडात काही बरंवाईट झालं तर कोणत्या सरकारच्या दारात बसायचं, आणि दोन्हीकडचे साहेब एकमेकांकडे कसं बोट दाखवतात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचं महामंडळ झालंय, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं. त्यातले बहुतेक कारखाने पश्चिम महाराष्ट्रातले. ते दुसऱ्या राज्याचे झाले तर आपल्या कोयत्यासाठी दहा पैसे तरी कोण देईल?

आता इंग्रजांकडे परत येऊ. इंग्लंडच्या पूर्वेला बॉस्टन नावाचा तालुका आहे. भाजीपाल्याची शेती. कोबी, फ्लॉवर काढायला पोलंड, लिथुआनियाचे मजूर यायचे. ब्रिटनमध्ये बाहेर पडायच्या बाजूने सगळ्यात जास्त मतदान तिथं झालं, ७५ टक्क्यांच्या वर. त्यांची तक्रार खोटी नव्हती, घरभाडी वाढली होती, दवाखान्यात रांगा होत्या. पण २०२० च्या शेवटी युरोपीय मजुरांना येण्याची मोकळीक बंद झाली आणि कोबी काही आपोआप निघेना. मग सहा महिन्यांच्या व्हिसावर किर्गिझस्तान, नेपाळ, इंडोनेशियातून माणसं आणली. त्यातले काही एजंटाकडून कर्ज काढून आलेले. आपल्याकडे त्याला उचल म्हणतात. आणि बाहेरचे कमी करू म्हणून जो देश बाहेर पडला, तिथं २०२३ च्या मध्यापर्यंतच्या एका वर्षात येणारे-जाणारे वजा करून नऊ लाखांवर माणसं वाढली. त्यात आपले भारतीय मोठ्या संख्येने होते.

ब्रेक्झिटची गोष्ट वाचताना आपण नकळत स्वतःला इंग्रजाच्या जागी ठेवतो. पण बोरीचा माणूस त्या गोष्टीत कोबी काढणारा आहे. बाहेरच्यांना हाकला ही घोषणा पुण्यात बसलेल्याने दिली तर एक वेळ समजेल. आपल्या तोंडी ती शोभत नाही, आणि परवडत तर मुळीच नाही.

आपल्याकडेही बाहेरचे येतात म्हणा. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यात भट्टीसमोर उभे राहायला मध्य प्रदेशातून पोरं येतात. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली १६ जण गेले, ते तिथलेच, लॉकडाऊनमध्ये पायी घरी निघालेले. त्या उन्हाळ्यात आपल्याही टोळ्या सांगली-साताऱ्याकडे अडकल्या होत्या आणि जिल्ह्याच्या सीमेवर पास मागत होत्या. सीमा म्हणजे काय ते तेव्हा बघून झालंय.

त्याच दिवसांत, ३० एप्रिल २०२० ला, वैधानिक विकास मंडळांची मुदत संपली. आपण सगळे घरात होतो, कुणी फारसं ओरडलं नाही. घटनेच्या ३७१ कलमाने दिलेलं, राज्यपालांमार्फत निधीच्या वाटपाचा हिशेब मागायचं ते एक दार होतं. ते दात नसलेलं होतं हे मला मान्य. पण जे हातात होतं ते गेल्याचं सुतक नाही आणि जे हातात नाही त्याचं बारसं, हे मला पटत नाही.

म्हणून विनंती. नवं राज्य करायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेचा आहे, ब्रिटनसारखं तुमचं-माझं मत त्यावर कुणी घेणार नाही. पण सह्या घेतील. ग्रामसभेत ठराव येईल, हात वर करायला सांगतील. कागद घेऊन येणाऱ्याला चहा पाजा आणि विचारा: येलदरीच्या वरच्या पाण्याचा करार कोणाशी, कधी, किती टीएमसीचा? आणि पुण्यात कामाला असलेली पोरं त्या दिवसापासून कोण? दोन्हींचं उत्तर लेखी मागा. मोघम बोलला तर पेन खिशात ठेवा. विकास मंडळ परत कधी सुरू होणार, जिंतूर तालुक्याला सिंचनाचा निधी किती आला आणि किती परत गेला, हे मात्र दर ग्रामसभेत, दर उमेदवाराला, नाव लिहून विचारत राहा.

आणि तरीही सही करावीशी वाटली, तर आधी चाकणला आपल्या पोराला फोन लावा. दुसरी पाळी असेल तर रात्री साडेअकरानंतर लावा, त्याआधी तो उचलणार नाही.