पदक मागणं म्हणजे हाव नव्हे

येरवडा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? तुरुंग, नाहीतर मनोरुग्णालय. पुण्याबाहेरच्या माणसांच्या कानावर तर हे नाव बहुधा थट्टेतच पडतं. पण याच येरवड्यात डेक्कन कॉलेज आहे. १८२१ साली पुण्यात सुरू झालेली ही संस्था १८६८पासून येरवड्याच्या दगडी इमारतीत आहे. लोकमान्य टिळक इथेच शिकले. आणि इथेच एका मुलीचं हक्काचं पारितोषिक ती मुलगी आहे एवढ्याच कारणाने हुकलं. पदवीदान समारंभांचे फोटो छापून येऊ लागले की मला तिची आठवण होते. म्हणून आजचा विषय पदकांचा.

तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. तिच्या आईने पुण्यात शाळा काढल्या होत्या. डेक्कन कॉलेजात ती पहिली विद्यार्थिनी. सोबतची मुलं तिच्या तोंडावर वर्गाचं दार लावून घेत, असं तिने पुढे लिहून ठेवलंय. तरी ती शिकली. पुणे विद्यापीठ तेव्हा नव्हतंच, ते १९४९ साली आलं. परीक्षा मुंबई विद्यापीठाची असे. त्या विद्यापीठाची ती पहिली महिला पदवीधर झाली आणि अंतिम परीक्षेत कॉलेजात पहिली आली. पहिल्या येणाऱ्याला इंग्लंडात शिकायला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. कॉर्नेलियाला ती नाकारली गेली. कारण एकच, ती बाई होती.

आता विचार करा, तिने दाद मागायची कुठे? कोर्टात उभं राहायला बाई वकीलसुद्धा नव्हती. १८८८ साली लेडी हॉबहाउस यांनी लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं, तेव्हा काही मंडळींनी वर्गणी काढली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, काँग्रेसचे सर विल्यम वेडरबर्न होते. त्या पैशांवर ती ऑक्सफर्डला गेली. १८९२ साली तिने तिथली कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी मिळाली १९२२ साली. कारण बायकांना पदव्या द्यायला ऑक्सफर्डने सुरुवातच १९२०मध्ये केली. भारतात बायकांना वकिली करायची मुभा देणारा कायदा झाला १९२३ साली. म्हणजे बघा, पहिली येऊनही शिष्यवृत्ती नाही, परीक्षा देऊनही पदवी नाही. जे मिळालं ते दयेने मिळालं, हक्काने नाही.

आज तसं नाही. आज नियम आहेत, कायदे आहेत, कोर्टं आहेत. सुवर्णपदक चुकीच्या विद्यार्थ्याला गेलं म्हणून कुणी कोर्टात गेल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. कधी बेरजेत चूक असते, कधी फेरतपासणीत वाढलेले गुण धरायचे की नाही यावर घोळ असतो, कधी दोघांचे गुण सारखे असतात आणि निवड कशावर केली ते कुणी सांगत नाही. पण अशी बातमी वाचली की आपण घरात काय बोलतो? ‘एवढ्याशा पदकासाठी कोर्टात कशाला जायचं?’ ‘हिला दुसरीचं बघवत नाही.’ मुलगा भांडला तर तो जिद्दी. मुलगी भांडली तर ती हावरट. लग्नाच्या वयाची असेल तर विचारूच नका!

या ‘स्वतःसाठी भांडते’ म्हणण्याला आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात उत्तर मिळालेलं आहे. प्रकरण पदकाचं नव्हतं, गुणांचं होतं. पण प्रश्न तोच होता. ऑक्टोबर १९८५मध्ये मुंबई विद्यापीठाची एम. डी.ची परीक्षा झाली. विषय स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र. नापास झालेल्यांपैकी एक होते डॉ. महेश गोसावी. ते उच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं, की गुणपत्रकात फेरफार करून एका परीक्षार्थीला पास केलंय. ती परीक्षार्थी होती मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांची मुलगी. विचार करा, एक नापास विद्यार्थी आणि समोर राज्याचे मुख्यमंत्री! उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी फेरफार झाल्याचं मान्य केलं आणि मार्च १९८६मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर १९८६मध्ये निकाल लागला. फेरफार झाला हे सिद्ध झालंय, असं न्यायालय म्हणालं. मुख्यमंत्र्यांशी तो थेट जोडणारा पुरावा नाही, हेही स्पष्ट म्हणालं. पण त्यांना खूश करण्यासाठी तो झाला असावा या संशयाला जागा आहे आणि त्यांना निर्दोष असल्याचं प्रशस्तिपत्र देता येत नाही, असंही म्हणालं. मला त्या निकालातली आणखी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. अर्जदार स्वतःच्या फायद्यासाठी आला असेलही, पण विद्यापीठाच्या परीक्षेत काय चालतं याची चौकशी हा सगळ्या जनतेच्या हिताचा प्रश्न आहे, असं न्यायालयाने मानलं.

म्हणजे आपण ज्याला स्वार्थ म्हणून नाक मुरडतो, त्यातच सगळ्यांचं हित असू शकतं. ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच तो आधी दिसतो. त्याने तोंड उघडलं नाही, तर पुढच्या वर्षीच्या मुलांनाही तेच भोगावं लागणार. चुकीच्या यादीबद्दल एका मुलीने विचारलं, की पुढची यादी करताना कारकुनापासून कुलगुरूंपर्यंत सगळे दोनदा बघतात.

पण म्हणून प्रत्येक नाराजी कोर्टात न्यावी का? नाही. कोर्ट काय करतं आणि काय करत नाही, हे समजून घ्यायला हवं. आपल्याच राज्य मंडळाच्या परीक्षांचा एक खटला १९८४ साली सर्वोच्च न्यायालयात गाजला. उत्तरपत्रिकांचं फेरमूल्यांकन करून मिळालं पाहिजे, असं विद्यार्थ्यांचं म्हणणं होतं. उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नियमात फेरमूल्यांकन नसेल तर तो हक्क म्हणून मागता येत नाही, आणि शिक्षणातल्या जाणकारांच्या जागी कोर्टाने बसू नये, असा त्याचा अर्थ. थोडक्यात, ‘माझा निबंध तिच्यापेक्षा चांगला होता’ हे भांडण कोर्टात टिकणं कठीण. ‘नियम असा आहे, गुण असे आहेत आणि तरी पदक तिकडे गेलं’ हे भांडण टिकू शकतं.

मग नियम आणि गुण हातात कसे येणार? यासाठी माहितीचा अधिकार आहे. हा केंद्रीय कायदा २००५चा. दहा रुपये शुल्क भरून साधा अर्ज करायचा, तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. नाही मिळालं तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील. ऑगस्ट २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता आली पाहिजे. दुसऱ्याची उत्तरपत्रिका मागणं वेगळं, ती सहज मिळणार नाही. पण पदकाचा नियम काय, गुण कोणत्या परीक्षांचे धरले, निर्णय कुठल्या बैठकीत झाला, हे विचारता येतं.

हे नियम एकदा वाचाच, असं मी आग्रहाने सांगते. बरीच पदकं देणगीदारांच्या नावाने असतात आणि अटीही ते घालतात. २०१७ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात काय झालं ते आठवतं का? शेलार यांच्या नावाच्या एका सुवर्णपदकासाठी विद्यार्थी शाकाहारी आणि निर्व्यसनी हवा, अशी अट परिपत्रकात होती. अभ्यासाचा आणि ताटातल्या मासळीचा संबंध काय, असं लोकांनी विचारलं. गदारोळ झाला आणि विद्यापीठाने ते पदक थांबवलं. गंमत अशी, की ते पदक बरीच वर्षं चालू होतं. परिपत्रक कुणी नीट वाचलं, तेव्हाच प्रश्न निघाला.

कोर्टाच्या आधीच्याही पायऱ्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांसाठी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिच्यात महिला सदस्य असावी लागते. समितीच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. मूल्यमापनातला अन्याय किंवा लपवाछपवी ही तक्रार या नियमांत बसते. म्हणून पहिला अर्ज इथे, लेखी. पोच घ्यायची, तारीख लिहून ठेवायची. आणि उशीर करायचा नाही. समारंभ होऊन, फोटो छापून वर्ष उलटलं की कोर्टही विचारतं, इतके दिवस काय करत होता?

तरीही दाद मिळाली नाही, तर उच्च न्यायालय. मुंबई लांब पडते हे खरं. पण नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठं आहेत, आणि ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या मुलींना आता कोल्हापूर गाठता येतं. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर लक्षात ठेवा, १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते आणि तिला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचं कार्यालय असतं. आपल्यापैकी किती जणींना हे माहीत आहे?

एक गोष्ट मात्र विसरू नका. ज्या मुलीला पदक मिळालं, तिचा यात बहुधा काही दोष नसतो. तिनेही रात्री जागून अभ्यास केलाय, तिच्याही घरी पेढे वाटलेत. तिचं ऐकून घेतल्याशिवाय तिच्याकडून पदक काढून घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आपली तक्रार यादी करणाऱ्यांच्या विरुद्ध असते, त्या मुलीच्या विरुद्ध नाही. गावात दोघी समोरासमोर येणार असतात, तेव्हा घरच्या मोठ्यांनी हा फरक सांभाळायला हवा. दोन मुलींना एकमेकींच्या वैरी करून टाकणं फार सोपं असतं.

आणि निकाल आपल्या बाजूने लागेलच असं नाही. वेळ जातो, मनस्ताप होतो, पुढच्या शिक्षणातलं लक्ष उडतं. एखादीने हिशेब करून ‘नको’ म्हटलं तर तेही मला समजतं. फक्त तो हिशेब तिने करावा. लोक काय म्हणतील, या भीतीने आपण तिच्यासाठी तो करून टाकू नये.

कॉर्नेलियाने पुढे काय केलं माहीत आहे? १९०४पासून ती पडद्यातल्या बायकांची कायद्याची सल्लागार झाली. ज्यांना परक्या पुरुषासमोर येता येत नव्हतं आणि म्हणून ज्यांची मालमत्ता दुसरेच गिळत होते, अशा शेकडो जणींचे कागद तिने वाचले. आपला हक्क कागदावर कुठे लिहिलाय हे बाईला कळलं पाहिजे, हे तिला स्वतःच्या अनुभवाने पटलं असणार. तेव्हा तुमची लेक किंवा सून कधी म्हणाली, ‘आई, यादीत काहीतरी चुकलंय,’ तर ‘जाऊ दे गं’ म्हणायच्या आधी तिला एवढंच विचारा, ‘नियमाचा कागद आणलास का?’