हिसके प्रथम कोणाचे चुकवावे?

मोटारगाडी विकत घेतांना मनुष्य तिचा रंग पाहतो, वेग विचारतो, पेट्रोल किती खाते याची चौकशी करितो आणि शेवटीं किंमत ऐकून निःश्वास टाकितो. गाडीच्या पोटाखालीं वांकून पाहणारा विरळा. तथापि प्रवास सुखाचा होईल कीं नाहीं आणि अवघड वळणावर गाडी ताब्यांत राहील कीं नाहीं, ह्या दोन्ही गोष्टींचा निकाल तेथेंच, चाकें व सांगाडा यांच्यामधील हातभर जागेंत लागत असतो. त्या जागेंतील योजनेस सस्पेन्शन म्हणतात. रस्ता पाहून आपला स्वभाव बदलणारें सस्पेन्शन आतां निघालें आहे. तें कसें चालतें हें प्रथम सांगून, मग तें आधीं कोणाच्या उपयोगीं पडावें याविषयीं आमचें मत वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

सस्पेन्शनचे मुख्य भाग दोन. पहिला स्प्रिंग किंवा पाटे. हे खड्ड्याचा धक्का पोटांत घेतात, परंतु घेतलेलें बहुतेक सर्व परत करितात. नुसत्या स्प्रिंगांवर बसविलेली गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ झुलत राहील. म्हणून दुसरा भाग, शॉक ॲब्सॉर्बर. त्याच्या नळींत तेल असतें. दट्ट्या हालला कीं त्या तेलास बारीक भोंकांतून बळेंच जावें लागतें, आणि झुलण्याची शक्ति उष्णतेंत विरून जाते. भोंकें मोठीं ठेविलीं तर गाडी मऊ चालते, लहान ठेविलीं तर कठीण.

येथेंच खरी अडचण आहे. साधारण मोटारीचें धूड स्प्रिंगांवर सेकंदास एक-दीड वेळ वरखालीं होतें. चाक मात्र सेकंदास दहा-बारा वेळ थरथरतें. मनुष्यदेहास पहिली गति फारशी जाचत नाहीं, कारण चालण्याची लय तिच्या जवळचीच आहे. सेकंदास चार ते आठ हिसके बसूं लागले म्हणजे मात्र धड व पोट ढवळून निघतें. उलटपक्षीं, दोन सेकंदांत एक याहूनही संथ असा झोका मिळत राहिला तर जहाजांतल्याप्रमाणें मळमळ सुटते. अर्थात् नुसता मऊपणा म्हणजे सुख नव्हे. शिवाय अति मऊ गाडी ब्रेक दाबतांच नाक खालीं घालते आणि वळणावर बाहेरच्या अंगास कलते. अति कठीण गाडी गुळगुळीत रस्त्यावर आज्ञाधारक असते, परंतु उखडलेल्या रस्त्यावर तिचीं चाकें उड्या मारूं लागतात; आणि जें चाक रस्त्यास टेकलेलें नाहीं त्यास ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही व्यर्थ होत. कारखानदारास एकच एक भोंक निवडावयाचें असल्यामुळें तो दोहोंच्या मध्यें कोठेंतरी तडजोड करितो, आणि ती तडजोड प्रत्येक रस्त्यावर थोडी थोडी चुकते.

ह्या तडजोडींतून सुटण्याचा एक मोठा प्रयत्न फ्रान्समध्यें झाला. सित्रोएन कारखान्यांतील पॉल माजेस यांनीं पोलादी स्प्रिंगच्या ऐवजीं गोळ्यांत कोंडलेला नायट्रोजन वायु व दाबाखालील तेल यांची योजना केली. 1955 च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलेल्या डी. एस. मोटारींत ती चारी चाकांस लाविलेली होती. गाडींत एक मनुष्य बसो अथवा पांच बसोत, तेल कमीजास्त होऊन तिची उंची तीच राही. गाडी ओझें ओळखूं लागली. रस्ता ओळखणें अजून बाकी होतें.

1974 सालीं अमेरिकेंत कार्नोप, क्रॉस्बी व हारवुड या तिघांनीं एक नवल विचार प्रसिद्ध केला. शॉक ॲब्सॉर्बरचें एक टोंक आकाशास बांधतां आलें असतें तर खालीं चाकें कितीही नाचोत, गाडीचें धूड शांत राहिलें असतें. आकाशास कोणी खुंटी ठोकूं शकत नाहीं. परंतु साध्याच शॉक ॲब्सॉर्बरचा कठीणपणा क्षणोक्षणीं बदलीत गेल्यास, अगदीं थोड्या शक्तीच्या खर्चांत त्या कल्पनेच्या जवळ जातां येतें, असें त्यांनीं दाखविलें. 2002 सालीं कॅडिलॅक सेव्हिल मोटारींत ह्या जातीची एक युक्ति विक्रीस आली. तिच्या तेलांत लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. भोंवतालच्या वेटोळ्यांतून वीज सोडली कीं चुंबकाच्या ओढीनें ते कण सांखळीसारखे जुळतात व तेल घट्ट होतें; वीज थांबतांच तें पुनः पातळ. हा बदल सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत होतो. 2013 सालीं तर मर्सिडीझच्या एका मोटारींत पुढचा रस्ता कॅमेऱ्यानें आधींच न्याहाळून चाकांस सिद्ध करण्याची सोय निघाली.

ह्यानें केवळ सुखच साधतें असें नाहीं. 1992 सालीं विल्यम्सच्या शर्यतीच्या मोटारींत तेलाच्या दाबानें गाडी स्वतःच उचलून धरणारें सस्पेन्शन होतें. त्या सालच्या सोळा शर्यतींपैकीं नऊ नायजेल मॅन्सेल यांनीं जिंकल्या व जगज्जेतेपद मिळविलें. 1994 पासून त्या शर्यतींत ही योजना निषिद्ध झाली. ती कुचकामी ठरली म्हणून नव्हे, तर चालकाच्या कौशल्याचें काम यंत्रच करूं लागलें म्हणून.

आतां आक्षेप. पहिला असा कीं, गाड्या सुधारण्यापेक्षां रस्ते सुधारावे. रस्ते सुधारलेच पाहिजेत, याविषयीं दुमत नाहीं; परंतु चांगल्या रस्त्यासही सांधे, वळणें व उतार असतात, आणि रस्ता नीट होईपर्यंत रोग्यास थांबावयास सांगतां येत नाहीं. दुसरा आक्षेप किंमतीचा, आणि तो खरा आहे. ज्यांचे वडील बंगालचे, त्या अमेरिकन शास्त्रज्ञ अमर बोस यांनीं विजेच्या मोटरीनें चाक उचलणारें सस्पेन्शन अनेक वर्षांच्या श्रमानें सिद्ध करून 2004 सालीं लोकांस दाखविलें. तें पाहून लोक थक्क झाले. पण वजन व खर्च यांमुळें बोस यांच्या हातून तें बाजारांत आलें नाहीं. तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाडी जितकी शांत, तितका चालकास वेगाचा विसर. सस्पेन्शन कितीही शहाणें असलें तरी ओल्या रस्त्यावर टायरची पकड रस्ता देईल तितकीच. घाटांतील वळणावर यंत्राच्या भरंवशावर वेग वाढविणाऱ्यास सृष्टिनियम क्षमा करीत नाहींत.

हे आक्षेप ध्यानांत घेऊनही आमचें मत असें आहे कीं, ही युक्ति श्रीमंतांच्या गाड्यांत प्रथम व रुग्णवाहिकेंत शेवटीं, हा क्रम उलटा आहे. धडधाकट मनुष्यास दोन हिसके बसले तर तो त्रासून बोलेल व विसरून जाईल. मोडलेल्या हाडाच्या रोग्यास, प्रसूतीस निघालेल्या स्त्रीस अथवा नुकत्या जन्मलेल्या अर्भकास तेच हिसके कसे वाटत असतील याचा विचार करावा. पुष्कळ रुग्णवाहिका व्हॅनच्या किंवा मालवाहू गाडीच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. भरल्या ओझ्याच्या बेतानें घातलेले पाटे हलक्या ओझ्यास कठीण पडतात. रिकामा टेम्पो भरल्या टेम्पोपेक्षां अधिक कां उडतो, याचें हेंच कारण. म्हणजे जेथें मऊपणा अत्यंत हवा तेथेंच तो कमी! फ्रान्समध्यें सित्रोएनच्या डी. एस. व पुढें सी. एक्स. ह्या मोटारींच्या रुग्णवाहिका बनवून वापरल्या गेल्या. तेव्हां आम्ही म्हणतों तें कांहीं स्वप्न नव्हे. रुग्णवाहिका विकत घेणाऱ्या सरकारी व धर्मादाय संस्थांनीं, आंत कोणतीं उपकरणें आहेत ह्याबरोबरच, रोगी निजतो त्या जागीं हिसके किती बसतात हेंही मोजून मागावें. त्यानंतर पाळी शाळेच्या व गांवोगांवच्या बसगाड्यांची. कारण मागच्या चाकांच्याही पाठीमागें बसणाऱ्या उतारूचे हाल ज्यानें भोगले त्यालाच ठाऊक.

पालकांस एवढीच विनंति कीं, नवें यंत्र मिळेपर्यंत असलेलें तरी नीट राखावें. तेल गळणारा शॉक ॲब्सॉर्बर वेळींच बदलावा, टायरांत हवा नेमकी ठेवावी, आणि मागें म्हातारें माणूस बसलें असतां गतिरोधक पाहून वेग कमी करावा. यास कोणतीही वीज लागत नाहीं.

विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें यंत्रशास्त्राकडे वळतील त्यांच्यापुढें काम तयार आहे. विजेवांचून, केवळ झडपेच्या रचनेनें जलद व संथ हालचालींतील भेद ओळखून मऊ अथवा कठीण होणारे शॉक ॲब्सॉर्बरही निघाले आहेत. खर्च उतरविण्याची वाट कदाचित् तिकडूनच जाईल. ह्या शाळेंतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें तालुक्याच्या रुग्णालयास परवडेल असें सस्पेन्शन बनविलें, तर त्या गाडींतून जाणाऱ्या रोग्यास त्याचें नांव कळणारही नाहीं. पण त्याची वाट सुखाची होईल, आणि विद्येचें चीज झालें असें आम्ही समजूं.