आयुष्याचे आठ रकाने

महाविद्यालयांतून हल्ली एक कागद वाटला जातो. त्यावर एक वर्तुळ असते, वर्तुळाचे आठ भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागात एकेक शब्द छापलेला असतो : करिअर, पैसा, आरोग्य, कुटुंब, मैत्री, छंद, आत्मविकास, समाज. कधी भाग सहा असतात, कधी दहा; शब्दही थोडे इकडचे तिकडे होतात. व्यक्तिमत्त्वविकासाच्या कार्यशाळेसाठी आलेले वक्ते विद्यार्थ्यांना सांगतात की, पुढच्या दहा मिनिटांत प्रत्येक भागासाठी सुचतील तेवढी ध्येये लिहून काढा. विचार करत बसू नका, खोडू नका. मग त्यांतली निवडक ध्येये मोजता येतील अशा वाक्यांत, तारखेसह, पुन्हा लिहायची. चहा होतो, प्रमाणपत्रे वाटली जातात, छायाचित्र निघते आणि अहवाल ‘नॅक’च्या फायलीत जाऊन बसतो. या कार्यशाळेचे संयोजन पुष्कळदा भाषा विभागाच्या गळ्यात पडते, कारण असल्या कामाला विषयाचे ज्ञान लागत नाही अशी एक समजूत आहे.

माझे म्हणणे नेमके उलट आहे. या कामाला विषयाचे ज्ञान लागते आणि तो विषय आपला आहे. हा कागद विद्यार्थ्याला एका विशिष्ट प्रकारचे वाक्य लिहायला लावतो आणि त्या वाक्यातून स्वतःकडे पाहायला शिकवतो. वाक्य माणसाला काय करते हे तपासणे हाच साहित्याच्या अध्यापकाचा व्यवसाय आहे. ध्येये असावीत की असू नयेत, हा येथे वादाचा मुद्दाच नाही. आयुष्यात काहीच करावेसे वाटत नाही असा विद्यार्थी मला अद्याप भेटलेला नाही. आक्षेप आहे तो ही इच्छा ज्या भाषेत बसवली जाते त्या भाषेवर, आणि ते घडत असताना साहित्य विभागांनी बाळगलेल्या मौनावर.

प्रथम या कागदाची वंशावळ पाहू. ‘सुचेल ते लिहा, टीका करू नका, संख्या वाढवा’ ही पद्धत अ‍ॅलेक्स ऑस्बर्न यांची. ते अमेरिकेतील एका मोठ्या जाहिरातसंस्थेचे भागीदार होते. ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ हे त्यांचे पुस्तक १९५३ चे. उद्दिष्टे ठरवून त्यांवरून कामाचा हिशेब घेण्याची कल्पना पीटर ड्रकर यांनी १९५४ साली ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’मध्ये मांडली. ‘स्मार्ट’ ही पाच अक्षरांची कसोटी जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली ‘मॅनेजमेंट रिव्ह्यू’ या नियतकालिकातल्या लेखात दिली. वर्तुळाचे श्रेय सहसा पॉल मायर यांना दिले जाते; प्रेरणा देणारी ध्वनिमुद्रणे आणि पाठ्यक्रम विकण्याचा त्यांचा व्यवसाय होता. म्हणजे एक खोली जाहिरातीची, दुसरी कारखान्याच्या व्यवस्थापनाची आणि तिसरी विक्रीची. ही माणसे परकी आहेत म्हणून आक्षेप घ्यायचा नाही. कादंबरी हा साहित्यप्रकारही आपण बाहेरूनच घेतला. परंतु एका कामासाठी घडवलेले हत्यार दुसऱ्या कामाला लावताना त्याची धार कोणत्या बाजूला आहे, एवढे तरी पाहायला हवे.

डोरन यांच्या मूळ मांडणीतला एक तपशील या दृष्टीने फार बोलका आहे. त्यांच्या पाच अक्षरांतल्या ‘ए’चा अर्थ होता ‘असाइनेबल’, म्हणजे हे काम कोणावर सोपवायचे ते ठरलेले असावे. पुढे प्रचारात तेथे ‘अचीव्हेबल’, म्हणजे साध्य होण्याजोगे, असा शब्द रूढ झाला. मूळ कसोटी कचेरीतली असल्यामुळे प्रामाणिक होती : तिच्यात काम सोपवणारा होता आणि ते करणाराही होता. विद्यार्थ्याच्या कागदावर पोहोचेपर्यंत सोपवणारा गायब झाला. ध्येय जणू मुलाच्या मनातून आपोआप उगवले आहे असा देखावा उरला.

दहा मिनिटांत न खोडता जे सुचते, ते कोणाचे असते? ते बहुतांशी आधीच कोणीतरी आपल्या मनात ठेवून दिलेले असते. घर, गाडी, परदेशप्रवास, आईवडिलांचे स्वप्न, ‘समाजासाठी काहीतरी’. कवितेच्या वर्गात आपण यालाच साचेबंद प्रतिमा म्हणतो आणि विद्यार्थ्याला तिच्यापलीकडे जायला सांगतो. पलीकडे जाण्याचे साधन म्हणजे टीका, आणि कार्यशाळेची पहिली अटच अशी की टीका थांबवा. जाहिरातीच्या घोषवाक्यासाठी ही अट कदाचित उपयोगी असेल. स्वतःचे आयुष्य काय असावे या प्रश्नावर ती लादणे म्हणजे विद्यार्थ्याला त्याच्या डोक्यातल्या जाहिरातींच्या स्वाधीन करणे होय.

कार्यशाळेत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९५३ साली येल विद्यापीठातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी फक्त तीन टक्क्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती आणि वीस वर्षांनी त्या तीन टक्क्यांची संपत्ती उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक भरली. असा अभ्यास झालेलाच नाही. खुद्द येलनेच तसे स्पष्ट केलेले आहे. येलमध्ये प्रत्यक्षात झालेला अभ्यास निराळा आहे. टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी १९५८ साली दाखवले की, चार जणांनी एकत्र बसून लढवलेल्या कल्पनांपेक्षा त्याच चार जणांइतक्या माणसांनी एकेकटे बसून काढलेल्या कल्पना संख्येने आणि गुणाने सरस ठरतात. न झालेला अभ्यास सभागृहातून घुमतो आणि झालेला ग्रंथालयात पडून राहतो. संदर्भ तपासा असे विद्यार्थ्यांना बजावणारे अध्यापक त्या सभागृहात पहिल्या रांगेत बसलेले असतात.

ध्येयनिश्चितीचे काही संशोधन मात्र पक्के आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. लॅथम आणि बाल्डीस यांचा १९७५ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने घालून दिलेल्या कमाल वजनाच्या सुमारे साठ टक्केच भरले जात. चालकांना चौऱ्याण्णव टक्क्यांचे नेमके उद्दिष्ट दिल्यावर हे प्रमाण नव्वदच्या वर गेले. उत्तम. ट्रकला ठरलेली क्षमता असते, भरलेले वजन काट्यावर मोजता येते आणि ओंडके कोठे न्यायचे हे आधीच ठरलेले असते. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत या तीनही गोष्टी ठरायच्या असतात. महाविद्यालय असते ते त्यासाठीच.

आता व्याकरणाकडे वळू. कागदाला एकच वाक्य चालते : प्रथमपुरुषी, भविष्यकाळी, संख्या असलेले. ‘मी तीन वर्षांत सहायक प्राध्यापक होईन.’ ‘मी दरमहा पाच हजार रुपये वाचवीन.’ त्याला पुढील वाक्ये चालत नाहीत : ‘मी शिकावे असे आईला फार वाटते.’ ‘एकदा समुद्र पाहावासा वाटतो.’ ‘ते तसे व्हायला नको होते.’ ‘मला हे जमेलसे दिसत नाही.’ पहिल्या प्रकारची वाक्ये निर्धाराची आणि दुसऱ्या प्रकारची दुबळी, असे कार्यशाळा मानते. भाषेचा अभ्यासक तसे मानू शकत नाही. मराठीने इच्छा, कर्तव्य, शक्यता आणि अपेक्षा यांच्यासाठी विध्यर्थ नावाचा एक स्वतंत्र अर्थ राखून ठेवला आहे. ‘करावे’ या एका रूपात मला वाटते, मला सांगितले गेले, आणि ते योग्य आहे, या तिन्ही छटा नांदतात. त्यांतली कोणती खरी हे विचारायला वाव राहतो. ‘करीन’ म्हटले की तो वाव संपतो. तसेच ‘मला’चे. मला आठवते, मला आवडते, मला जमते, मला सुचते. या क्रिया माणूस करत नाही. त्या त्याच्याकडे येतात. ‘सुचतील तेवढी ध्येये लिहा’ म्हणणाऱ्या वक्त्याचे क्रियापदही नकळत हेच कबूल करत असते.

शब्दांचेही तेच. ध्येय हा शब्द ‘ध्यै’ धातूवरून आला. ज्याचे ध्यान करावे ते ध्येय. लक्ष्य म्हणजे ज्यावर नेम धरायचा ते. ध्येय या शब्दाला आपण ‘टार्गेट’चा प्रतिशब्द करून टाकले, तेव्हा ज्याच्यापाशी थांबून राहायचे असे काही असू शकते हा अर्थच गळाला. लक्ष्याचा वेध घेऊन माणूस पुढच्या लक्ष्याकडे वळतो. ध्येयाचे तसे नसते.

यातले ‘सहायक प्राध्यापक होईन’ हे वाक्य आपल्या वाचकांना जवळचे आहे. नेट-सेट उत्तीर्ण झालेले, पीएच.डी. केलेले आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे कितीतरी तरुण आपल्या ओळखीचे आहेत. त्यांनी ध्येय लिहिले नव्हते असे नाही. पदभरती रखडते तेव्हा त्या वाक्याचा खरा कर्ता मंत्रालयात बसलेला असतो. कागदावर मात्र ‘मी’ असतो आणि तारीख उलटून गेली की अपयशही ‘मी’च्याच नावावर जमा होते. या वाक्याचे राजकारण ते हेच. अडथळा व्यवस्थेत असला तरी दोष शोधायचा तो इच्छाशक्तीत.

मग प्रश्न रकान्यांचा. एका विद्यार्थ्याचा भरलेला कागद मी वाचला आहे. कुटुंबाच्या रकान्यात त्याने लिहिले होते, ‘बहिणीचे लग्न’. पैशाच्या रकान्यात, ‘लग्नाचे कर्ज फेडणे’. करिअर : ‘पोलीस भरती’. आरोग्य : ‘रोज पहाटे पळणे’. छंद : ‘पळणे’. कार्यशाळेने त्याच्या कागदावर शेरा दिला की समतोल नाही, स्वतःसाठीही काही ध्येये ठेवा. वास्तविक त्या दिवशीचा सर्वांत सुसंगत मजकूर तोच होता. त्याच्या आयुष्याला आठ भाग नव्हते, एक गाठ होती, आणि ती त्याने आठही बाजूंनी दाखवून दिली होती. ‘बलुतं’ किंवा ‘स्मृतिचित्रे’ शिकवणाऱ्या माणसाला हे ओळखता यायला हवे. जात, भूक, शिक्षण, संसार आणि लाज यांना वेगवेगळ्या रकान्यांत बसवून दया पवार यांचे पुस्तक वाचता येते काय? लक्ष्मीबाई टिळकांच्या संसारातून श्रद्धा, विनोद आणि हालअपेष्टा यांची वेगवेगळी गाठोडी बांधता येतात काय?

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला ‘तुला काय हवे आहे?’ असे आयुष्यात कोणी विचारलेले नसते. या कागदाने निदान विचारले तरी. ध्येयांची चेष्टा करणे ज्यांची पोटे भरली आहेत त्यांना परवडते. आक्षेपाचा पूर्वार्ध मला पूर्णपणे मान्य आहे. विचारलेच पाहिजे, आणि ज्यांना कोणी विचारले नाही त्यांना आधी विचारले पाहिजे. म्हणूनच दहा मिनिटांत विचारून चालणार नाही. ध्येयनिष्ठेचे उदाहरण म्हणून अशा कार्यशाळांत डॉ. आंबेडकरांचे नाव घेतले जाते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली ते लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून परतले, सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. या वाटचालीत निर्धार आहेच. परंतु ती आठ भागांच्या समतोलातून निघालेली नाही. घरच्यांची ओढाताण, इतरांची मदत आणि संपूर्ण समाजाचे देणे यांतून ती निघाली आहे. त्या ध्येयाचा कर्ता एकवचनी ‘मी’ नव्हता. तेवढे वगळून उरलेला निर्धार भिंतीवर लावणे, हा त्या चरित्राचा चुकीचा पाठ आहे.

दुसऱ्या बाजूने काही मंडळी सांगतात की, हे सारे आपल्याकडे होतेच. चार पुरुषार्थ म्हणजे आयुष्याचे चार विभाग. हेही वाचनाच्या अभावाचे लक्षण आहे. शांतिपर्वात धर्म, अर्थ आणि काम यांत श्रेष्ठ कोणता यावर विदुर आणि पांडव यांच्यात चर्चा होते. विदुर धर्माची बाजू घेतो, अर्जुन अर्थाची, भीम कामाची; नकुल-सहदेव धर्म आणि अर्थ यांची सांगड घालतात आणि युधिष्ठिर या सगळ्यांच्या पलीकडे बोट दाखवतो. परंपरेने पुरुषार्थ वर्तुळात शेजारी शेजारी बसवले नाहीत, त्यांना एकमेकांशी भांडायला लावले. तो अधिकार कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हे भांडण तर आणखी वेगळे आणि आजही न संपलेले. परंपरेकडून काही घ्यायचेच असेल तर ही वादाची सवय घ्यावी.

तेव्हा कार्यशाळेचे काम विभागाकडे आले तर ते नाकारू नये, मात्र आपल्या पद्धतीने करावे. विद्यार्थ्याला रकाने न देता दोन कोरी पाने द्यावीत आणि दहा मिनिटांऐवजी पंधरा दिवस. ‘मला काय व्हावेसे वाटते, ते कोणाला वाटते आणि कोणामुळे अडते’ एवढेच विचारावे. जे वाक्य शेजाऱ्याच्या कागदावरही जसेच्या तसे सापडेल, ते त्याने स्वतःच्या हाताने खोडावे. विध्यर्थ चालेल, नकार चालेल, ‘अजून कळत नाही’ हेही चालेल. मग ती पाने निबंध म्हणून वाचावीत, त्यांवर बोलावे आणि परत करावीत. फायलीत लावू नयेत.

प्रत्येक घटकाखाली ‘या अध्ययनानंतर विद्यार्थी अमुक करू शकेल’ असे लिहून देण्याची सक्ती आज अध्यापकावरही आहे. एका कवितेनंतर विद्यार्थी नेमके काय करू शकेल, याचे प्रामाणिक उत्तर कोणत्याही तक्त्यात मावत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? मुलांच्या कागदावरचे वाक्य आणि आपल्या कागदावरचे वाक्य एकाच टाकसाळीतून निघालेले आहे. निदान मराठीच्या वर्गात तरी त्या वाक्याचे पृथक्करण व्हावे, ही अपेक्षा मी विध्यर्थातच नोंदवतो आणि तिला तारीख घालत नाही.