जाहीर आवाहन : घाटातल्या ‘समुद्री’ गोगलगायीची नोंद करू या

तळेगाव दाभाडे व मावळ परिसरातील नागरिकहो,

पाऊस लागला की आपली पावले लोणावळा-खंडाळ्याकडे वळतात. यंदा जाल तेव्हा धबधब्याच्या कडेचा ओला कातळही जरा निरखून पाहा. शेवाळ खरवडून खाणारी, जेमतेम सेंटीमीटरभर शंखाची गोगलगाय तिथे चिकटलेली असू शकते. तिचे शास्त्रीय नाव क्रेम्नोकॉन्कस.

तिचे कूळ समुद्रातले. कोकणच्या खडकांवर लाटांच्या तुषारांत बारीक शंख बसलेले असतात, ते तिचे भाऊबंद. या कुळातला गोड्या पाण्यात राहणारा हा एकमेव वंश, आणि तो फक्त पश्चिम घाटात सापडतो. भूवैज्ञानिक विल्यम ब्लॅनफर्ड यांनी त्यातल्या एका जातीचे वर्णन १८६३ मध्ये प्रसिद्ध केले. बोरघाटातून रेल्वे धावू लागली तेही हेच वर्ष. पुढे दीर्घकाळ महाराष्ट्रातल्या तीनच जाती माहीत होत्या. २०१३ मध्ये कर्नाटकातल्या सहा नव्या जातींची भर पडली.

या गोगलगायींना दूर कुठे जाता येत नाही. कडा फोडला किंवा झऱ्याचे पाणी वळवले की तिथली वस्ती संपते. ती कुठल्या कड्यावर आहे हेच नोंदलेले नसेल, तर तो कडा राखा असे सांगायचे कशाच्या आधारावर? म्हणून ही विनंती :

१. गोगलगाय उपटू नका, घरी आणू नका. शेजारी नाणे धरून वरून आणि बाजूने फोटो काढा. एक फोटो लांबून, कातळ दिसेल असा घ्या.

२. ती चालत असेल तर पायाच्या मागच्या भागावर पातळ झाकण दिसते का पाहा. बागेतल्या नेहमीच्या गोगलगायींना असे झाकण नसते.

३. तारीख, ठिकाण आणि पाणी वाहते आहे की नुसते झिरपते आहे, हे लिहा.

४. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका. नावाची खात्री नसेल तर नुसते ‘गोगलगाय’ लिहा. जात जाणकार ठरवतील. शाळा-महाविद्यालयांनी आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रातल्या तज्ज्ञांचाही सल्ला घ्यावा.

५. एक्स्प्रेस वेवर गाडी थांबवू नका, बंदी असलेल्या धबधब्यात उतरू नका. पायवाटेलगतचा झिरपता कातळ पुरेसा आहे.

शोधूनही काही दिसले नाही, तरी जागा आणि तारीख वहीत टिपून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात तुलनेला तीच नोंद कामी येईल.

आपले,
तळेगावातील काही निसर्गप्रेमी