आधी वजन सांगा, मग पाटा मागा

माझ्या जीपच्या मागच्या बाकाला ॲल्युमिनियमचं एक पात्र दोराने आवळून बांधलेलं असतं. आत उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या रेतमात्रा. चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी मी आयुष्यभर जनावरांची डॉक्टरकी केली. वैजापूर, अडावद, उनपदेव, त्यापलीकडचे पाडे. माजावर आलेली गाय दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही, म्हणून पावसाळ्यातही नाला ओलांडून जावं लागतं. त्यासाठीच महिंद्राची जुनी एमएम ५४० घेतली. फोर बाय फोर, चारही चाकांना पाटे.

२०१३ च्या पावसाळ्यात ते पाटे बसले. कमान गेली, गाडी एका अंगाला कलली, खड्ड्यात पाटा चासीला आपटायला लागला. एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने गाडीचं मॉडेल विचारलं, ‘हेवी ड्यूटी’ म्हणून एक जोडी दाखवली आणि मी घेतली. हेवी ड्यूटी म्हणजे चांगलंच असणार, अशी माझी समजूत. बसवल्यावर जीप चांगली दोन इंच उचलली गेली. चौकात लोक वळून बघायचे. मलाही बरं वाटायचं.

महिन्याभरात अकरा गायी उलटल्या, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आल्या. रेतन वेळेवर झालेलं, हात तोच, मात्रा नेहमीच्याच केंद्राच्या. मग एका सकाळी पात्राच्या बाहेरच्या अंगावर पांढरा हिमाचा थर दिसला आणि पोटात गोळा आला. या पात्राची रचना थर्मासची असते. दोन भांड्यांमध्ये निर्वात पोकळी, आणि आतलं भांडं फक्त मानेच्या नळीला टांगलेलं. नळीला बारीक तडा गेला की पोकळी संपली, नायट्रोजन उडाला आणि मात्रा मेल्या. नळी तडकली ती हादऱ्यांनी. हादरे आले ते माझ्या नव्या, ताठ पाट्यांमधून. गायीचा माज एकवीस दिवसांनी फिरून येतो. अकरा घरांतल्या गायींचे एकवीस दिवस मी वाया घालवले. त्यातल्या दोन घरांत चहाचं दूधसुद्धा त्या एकाच गायीचं होतं. ती घरं मला अजून आठवतात, आणि हा लेख मी त्यांच्यासाठी लिहितो आहे.

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकचे पाटे करणारे हात तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. तिथल्या एका वयस्कर मिस्तरींकडे जीप नेली. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, खाली वाकूनही पाहिलं नाही. एवढंच विचारलं, “डॉक्टर, गाडीनं वजन कितलं शे?”

मला सांगता येईना. पुस्तकात असेल, म्हणालो. ते म्हणाले, “पुस्तकनं नही. तुमनं.” म्हणजे मी, माझं पात्र, पेटी, स्टेपनी, हत्यारं, डिझेल, सगळं धरून. आणि पुढचं वेगळं, मागचं वेगळं.

आम्ही भुईकाट्यावर गेलो. खानदेशात भुईकाट्यांना तोटा नाही. कापूस आणि केळी, दोन्ही वजनावर विकणारा हा मुलूख आहे. एका किलोच्या कट्टीवरून आपण व्यापाऱ्याशी तासभर भांडतो, पण स्वतःची गाडी काट्यावर चढवून पाहिलेला माणूस विरळा. पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर, एक पावती. मग मागची चाकं काट्यावर, दुसरी पावती. पुढे ७४०, मागे ७१० किलो. मी आणलेले पाटे याच्या दुपटीच्या ओझ्याचे होते. त्यांना दाबायला माझ्या गाडीत वजनच नव्हतं.

ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पुढे जास्त झालं की बैलांच्या माना दबतात. गडी एक पोतं पुढे सरकवतो, दांडी हाताने उचलून बघतो, मगच बैल जुंपतो. हे ज्ञान आपल्या घरातलं आहे. इंजिनाची गाडी दारात आली आणि आपण दांडी उचलून बघायचं सोडून दिलं.

पाट्याचं गणित दिसतं तेवढं सरळ नाही. पाच पाट्यांत तसाच सहावा घातला तर ताठपणा साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. पण जाडी बदलली तर हिशेब घनाने चालतो. सहा मिलिमीटरच्या जागी तेवढ्याच लांबी-रुंदीचा आठ मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा सव्वादोन पटींहून अधिक ताठ होतो. कॉइल स्प्रिंगमध्ये तर तारेच्या जाडीचा चौथा घात मोजतात. चौदाच्या जागी पंधरा मिलिमीटरची तार, बाकी सगळं तेच, तरी स्प्रिंग तीस टक्क्यांहून अधिक ताठ. डोळ्याला हा फरक दिसत नाही. दुकानाच्या फळीवर दोन्ही सारख्याच काळ्या रंगात चकाकतात.

आणि डोंगरात ताठ स्प्रिंग चांगली, ही समजूत मुळातच उलटी आहे. स्प्रिंगचं काम चाकाला जमिनीला धरून ठेवण्याचं. दगड आला की चाक वर जावं, खड्डा आला की खाली उतरावं, आणि वरचं धूड जमेल तितकं स्थिर राहावं. माझे ताठ पाटे खड्ड्यात उतरतच नव्हते. नाल्यातल्या गोट्यांवर एक चाक अधांतरी राहायचं, आणि साध्या डिफरन्शियलमध्ये अधांतरी चाकच गरागरा फिरतं, जमिनीवरचं गप्प बसतं. फोर बाय फोर असूनही मी दोनदा अडकलो, ते यामुळेच.

मिस्तरींनी जाड पाटे काढून बारीक घातले. जुना मेन पाटा भट्टीत तापवून कमान दिली, पुन्हा पाणी पाजलं. (आपल्याकडचे लोहार भंगारातल्या याच पाट्यांचे विळे-कोयते करतात. पोलाद तेच, पाणी पाजण्याची पद्धत निराळी.) सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवे, कारण एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. शॅकलचे रबरी बुश नवे. आणि एक गोष्ट त्यांनी मला हाताला धरून दाखवली. बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. गाडी जमिनीवर टेकू द्यायची, तिचं ओझं पाट्यावर येऊ द्यायचं, मग आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. पाचशे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायला बोलावलं. त्याचे पैसे घेतले नाहीत. निघताना म्हणाले, “पाटा बोलस, डॉक्टर. आयकनं पडस.”

तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या गाड्यांचे पाटेही ऐकतो, आणि जे ऐकू येतं त्याने जीव धास्तावतो.

रावेर, सावदा, फैजपूर, यावलच्या केळीपट्ट्यात बहुतेक पिकअपना एखादा पाटा वाढवून घेतलेला दिसतो. मी मालकांना वाईट म्हणत नाही. भाडं खेपेवर ठरतं, डिझेल रोख लागतं, बँकेचा हप्ता थांबत नाही. पण वाढवलेला पाटा गाडीची ताकद वाढवत नाही. ॲक्सल तोच, टायर तेच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच. पाटा फक्त एक करतो, ओझ्याखाली दबलेली गाडी दबलेली दिसू देत नाही. ओझं जास्त झालं की मागचा भाग बसतो, ही गाडीची हाक आहे. पाटा वाढवून आपण तिचं तोंड दाबतो. काही मालवाहू गाड्यांत तर मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह चासी आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर बघून काम करतो. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, असं तो धरतो आणि मागचा ब्रेक हलका करतो. पाटा वाढवला, व्हॉल्व्ह नव्याने जुळवला नाही, तर भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीचा ब्रेक मिळतो. शिवाय अर्ध्या भरलेल्या फेरीला हीच गाडी इतकी उडते, की खाली पानांचा थर घालूनही फळाची साल काळी पडते. ज्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती आपण आपल्याच पाट्यावर आपटून नासवतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक रात्री उलटला आणि रावेर तालुक्यातले पंधरा मजूर जागीच गेले. त्या अपघाताचं कारण पाट्यात होतं असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे मालाच्या गाडीतून माणसंही प्रवास करतात. त्या रस्त्याने मी आठवड्यातून दोनदा जातो, आणि पुढच्या गाडीत मालावर बसलेली माणसं दिसली की माझी नजर आधी तिच्या मागच्या ॲक्सलवर जाते.

दुसरीकडे नव्या थार. २०२० साली आलेली ही गाडी आपल्या नाशकात बनते, चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर. पाल किंवा मनुदेवीला जायला ती आहे तशी भरपूर आहे. तरी जळगावची पोरं गाडी ताब्यात आली की पहिल्याच महिन्यात दोन इंच उचलून घेतात. उंची वाढली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर जातात. चाक खाली लोंबलं की ब्रेकचा होज ताणला जातो. शॉकअप कमी लांबीचे पडतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, आणि वळणावर गाडी पूर्वीपेक्षा लवकर कलते. स्प्रिंग हा सुटा भाग नाही. तिच्याबरोबर या साऱ्यांचा विचार करावा लागतो. ऑस्ट्रेलियात ‘ओल्ड मॅन इमू’ नावाच्या स्प्रिंगा मिळतात. त्यांच्या यादीत एकाच गाडीसाठी अनेक स्प्रिंगा असतात आणि निवड होते ती पुढे बंपर-विंच किती किलोचं आणि मागे कायमचं सामान किती, यावरून. धुळ्याच्या मिस्तरींनी विचारलेला प्रश्न तिथे छापून ठेवला आहे.

आपला कायदा याबाबत कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपुस्तकातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पण दंडाच्या भीतीने काम चोरून होतं, आणि चोरून केलेल्या कामाची पावती नसते. ज्याचे पाटे खरोखर बसलेत तो आणि ज्याला ओझं लपवायचं आहे तो, दोघेही एकाच अंधारात उभे राहतात.

म्हणून जळगाव आणि धुळ्याच्या परिवहन कार्यालयांकडे माझं मागणं साधं आहे. फिटनेसच्या वेळी मालगाडीखाली वाकून पाटे मोजा, त्यांची जाडी मोजा, मूळ तपशिलाशी ताडून बघा. आणि जो दुकानदार पाटा किंवा स्प्रिंग बसवतो, त्याने पावतीवर तीन आकडे लिहिणं सक्तीचं करा: पुढच्या ॲक्सलचं वजन, मागच्याचं वजन, घातलेल्या पाट्यांची संख्या व जाडी. काट्याचे पैसे एका यू बोल्टच्या किमतीएवढेही होत नाहीत. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांना एकदा तरी भुईकाट्यावर न्या आणि जुन्या पाटेवाल्या मिस्तरींना मानधन देऊन वर्गात बोलवा. धुळ्याचे ते मिस्तरी आता भट्टीवर उभे राहत नाहीत. त्यांचा मुलगा दुकान चालवतो, आणि येणारं गिऱ्हाईक वजनाच्या गोष्टीला थांबत नाही, अशी त्याची तक्रार आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा नवी थार घेऊन आला. “काका, कोणती स्प्रिंग टाकू?” मी चपला घातल्या आणि त्याच्या शेजारी बसून जिनिंगच्या काट्यावर गेलो. दोन पावत्या निघाल्या. त्याने त्या बराच वेळ हातात धरून वाचल्या, मग विचारलं, “काका, मागे दोन माणसं आणि तंबू घेतला तर किती होईल?”

“माणसं आणि तंबू घेऊन ये,” मी म्हणालो. “काटा सातपर्यंत उघडा असतो.”