काखेत कळसा



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर राज्याची सीमा बंद झाली. एरवी आपल्याला ती सीमा जाणवतही नाही. कुणाची लेक कागलला, कुणाचा दवाखाना कोल्हापुरात. माझ्या ओळखीचे एक पंचाहत्तरीचे शेतकरी दर महिन्याला लेकीकडे कागलला जात. ते बंद झाले. घरची माणसे मायेने म्हणत, "आबा, आता गप बसून राहा." आबा बसले. महिन्या-दोन महिन्यांत पायातले बळ गेले, जेवण तुटले, बोलणेही कमी झाले.

पाऊस सुरू झाला तेव्हा नातू त्यांना हाताला धरून रोज रानात नेऊ लागला. पहिल्या दिवशी ते विहिरीपर्यंतच पोचले. पुढे बांधाचा फेरा पुरा होऊ लागला. खालच्या कोपऱ्यात पाणी कुठून येऊन साचते आणि तिथले सोयाबीन का पिवळे पडते, हे त्यांनी नातवाला दाखवले. नातवाने चर काढला. आबा मला म्हणाले, "इतकी वर्षं रान नुसतं तुडवलं. बघाय आत्ता मिळालं."

देशाटनाने माणूस शहाणा होतो, हे खरेच. पण शास्त्रज्ञ डार्विन पाहा. १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे तो जगभर फिरला. पुढे प्रकृती ढासळली आणि तो पुन्हा कधी परदेशी गेला नाही. १८४२ मध्ये त्याने घराजवळच्या शेतात खडूचा चुरा पसरून ठेवला. २९ वर्षांनी तिथे खणून पाहिले, तर तो थर सुमारे सात इंच खाली गेलेला होता. गांडुळांनी खालची माती वर आणून त्यावर टाकली होती. त्यावर त्याने १८८१ मध्ये पुस्तक लिहिले. घरचे शेत आणि धीर, एवढ्यावर हे काम झाले.

म्हणून माझे मत असे की, प्रवास बंद झालेल्या माणसाला घरात बसवून ठेवणे ही सेवा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना वृद्धांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे हालचाल करायला सांगते. तेवढी न जमल्यास झेपेल तेवढी करावी. चक्कर येत असेल किंवा धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. हातात काठी, सोबतीला माणूस आणि सकाळची वेळ असावी. चालता येत नसेल, तर अंगणात खाट टाकावी. पाऊस कधी पडला, पेरा कधी झाला, कीड कुठे दिसली, हे त्यांनी सांगावे आणि नातवंडांनी वहीत लिहावे. दोन-तीन वर्षांची अशी वही शेताला फार उपयोगी पडते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपले होऊ नये. उद्या सकाळी रानात निघताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढेच विचारा, "आबा, येताय न्हवं?"